कन्सोलची पिढी म्हणजे ताकद नव्हे: तुलना करताना या चुका टाळा

जुना कन्सोल, म्हणजे टीव्हीला लावून गेम खेळायचं मशीन, घ्यायला निघालेल्या माणसाला दुकानदार दोनच गोष्टी ऐकवतो: हा कितव्या पिढीचा, आणि यात किती टेरा (टेराफ्लॉप, म्हणजे ग्राफिक्स चिपची ताकद सांगणारा आकडा). संभाजीनगरचं पैठण गेट घ्या नाहीतर परभणीतलं एखादं मोबाईलचं दुकान, भाषा तीच. "भाऊ, ते चार टेराचं, हे सहा टेराचं. पैसे सारखेच. सांगा, कोणतं देऊ?" समोरचा अर्थातच सहावर बोट ठेवतो. मशीन घरी येतं, लेकरं खूष होतात, आणि मग कळतं की नव्याने निघणारे बरेचसे गेम त्यावर बसतच नाहीत. दुकानदार खोटं बोललेला नसतो. दोन्ही आकडे खरे असतात. चूक असते ती ते आकडे एकमेकांसमोर उभे करण्यात.

तो चार आणि सहाचा घोळ पुढे सोडवूच. आधी पिढीचं पाहू, कारण निम्मी गडबड तिथूनच सुरू होते.

पिढीला दर्जाचा शिक्का समजणं

कन्सोलच्या पिढ्या कुठल्या मानक संस्थेने ठरवलेल्या नाहीत, कंपन्यांनीही नाहीत. गेमचा इतिहास लिहिणाऱ्यांनी मागे वळून पाहत हे क्रमांक लावले आणि विकिपीडियामुळे ते सगळीकडे पोचले. १९७२ चा मॅग्नाव्हॉक्स ओडिसी पहिल्या पिढीचा. १९७६ चा फेअरचाइल्ड चॅनल एफ आणि १९७७ चा अटारी दुसऱ्या पिढीतले, कारण आता मशीनमध्ये प्रोसेसर आला होता आणि कार्ट्रिज बदलून गेम बदलता येत होता. १९८३ च्या निन्टेन्डो फॅमिकॉमपासून तिसरी धरतात. असं मोजत मोजत २०२० चे सोनीचा प्लेस्टेशन ५ आणि मायक्रोसॉफ्टचे एक्सबॉक्स सिरीज नवव्या पिढीत येतात. सुरुवातीच्या पिढ्या तंत्रज्ञानाच्या फरकावर पडल्या, पण पुढे पुढे कसोटी एकच उरली: एका काळात बाजारात कोण कोणासमोर उभं होतं.

हे दहावीच्या बॅचसारखं आहे. लातूर पॅटर्नचा बोर्डात पहिला येणारा पोरगा आणि काठावर सुटलेला त्याचा मित्र एकाच बॅचचे असतात. निन्टेन्डोचा वी (Wii) पाहा. २००६ मध्ये तो प्लेस्टेशन ३ सोबत बाजारात आला, म्हणून बॅच सातवी. पण त्याचा प्रोसेसर ७२९ मेगाहर्ट्झचा होता, आणि त्याआधीच्या बॅचमधल्या, २००१ च्या पहिल्या एक्सबॉक्सचा ७३३ चा. वी हा मुळात निन्टेन्डोच्याच आधीच्या गेमक्यूबचा आराखडा वेगवान करून काढलेला. तरी १० कोटींहून जास्त विकला गेला आणि प्लेस्टेशन ३ ला विक्रीत मागे टाकून गेला. "सातव्या पिढीचा आहे म्हणजे सहावीपेक्षा दमदार असणारच" हे वाक्य इथेच कोसळतं.

स्विचवरून तर अजून वाद चालतात. तो २०१७ मध्ये आला, आठव्या पिढीतल्या वी यूची जागा घ्यायला. पण त्याच्या विक्रीचा निम्मा काळ प्लेस्टेशन ५ समोर गेला. मी त्याला आठवीतच बसवतो. कोणी नववीत बसवला तर भांडायला जाणार नाही. अशा कडेच्या नोंदी असणारच, त्यावरून गेमचा किंवा किमतीचा निर्णय घेऊ नका एवढंच.

आपल्याकडे कधी आलं त्यावरून पिढी मोजणं

ही चूक खास आपल्या भागातली. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरही मराठवाड्यातल्या घरोघरी टीव्हीला जी "व्हिडिओ गेम" लागायची, पिवळी कॅसेट आणि तिच्यावर "९९९९ इन १", ती फॅमिकॉमची नक्कल होती. म्हणजे आराखडा १९८३ चा, पिढी तिसरी. जपान-अमेरिकेत तेव्हा प्लेस्टेशन आणि निन्टेन्डो ६४ विकले जात होते. त्यामुळे "आम्ही २००० साली खेळलो, म्हणजे ती पाचव्या-सहाव्या पिढीची असेल" हा हिशोब लागत नाही. पिढी मूळ आराखड्याची असते, आपल्या पावतीवरच्या तारखेची नाही. (नऊ हजार गेमही नसायचे. तेच वीस-पंचवीस गेम वेगवेगळ्या नावांनी फिरत राहायचे, हे त्या वयातही कळायचंच.)

प्लेस्टेशन २ चं उदाहरण उलट्या बाजूने बोलकं आहे. तो २००० मधला, आणि त्याचं उत्पादन थेट २०१३ च्या सुरुवातीपर्यंत चाललं. आपल्या पोरांनी ज्यावर रात्री जागवल्या तो क्रिकेट ०७ २००६ च्या अखेरीस निघाला, म्हणजे प्लेस्टेशन ३ बाजारात येत होता त्याच सुमारास. तरी तो पीसी आणि प्लेस्टेशन २ साठीच आला. नवी पिढी आली म्हणजे जुनी त्याच दिवशी बंद पडते असं नाही. २०२२ मध्येसुद्धा ग्रॅन टुरिस्मो ७ प्लेस्टेशन ४ आणि ५ या दोन्हींवर निघाला होता. जुनं मशीन घेताना "ही पिढी संपली का?" यापेक्षा "मला हवा तो गेम यावर निघालाय का?" हे विचारा. डब्याच्या पाठीवर ते छापलेलं असतं.

आणखी एक बारीक गोष्ट. आपला जुना टीव्ही पाल पद्धतीचा, सेकंदाला ५० वेळा चित्र बदलणारा. जपान-अमेरिकेत ६०. ज्या जुन्या गेममध्ये हा फरक सांभाळला नव्हता, ते इकडच्या मशीनवर जवळजवळ सहाव्या हिश्श्याने हळू चालायचे आणि संगीतही मंद वाजायचं. तेव्हा जुन्या आठवणीतला वेग आणि आज यूट्यूबवर दिसणारा वेग यांत फरक वाटला, तर त्याचं कारण प्रोसेसरमध्ये शोधू नका.

बिट आणि गिगाहर्ट्झ यांची शर्यत लावणं

बिट म्हणजे प्रोसेसर एका वेळी केवढा आकडा हाताळतो त्याचं माप. आठ बिट म्हणजे तिसरी पिढी, सोळा म्हणजे चौथी, हे सूत्र लक्षात ठेवायला सोपं, पण जाहिरातींनी ते पार बिघडवलं. दुसऱ्या पिढीतल्या इंटेलिव्हिजनमध्ये १६ बिटचा प्रोसेसर होता. चौथ्या पिढीत धरला जाणारा १९८७ चा पीसी इंजिन नावाचा कन्सोल मात्र ८ बिटच्या प्रोसेसरवर चालायचा. त्याची ग्राफिक्स चिप तेवढी १६ बिटची. अटारीने १९९३ मध्ये जॅग्वार ६४ बिटचा म्हणून विकला, आणि त्याच्या आतल्या दोन मुख्य चिपमधले गणन करणारे भाग ३२ बिटचे निघाल्यावर वाद पेटला. बिटांवरच जायचं तर १९९६ चा निन्टेन्डो ६४ आणि २०२० चा प्लेस्टेशन ५ एकाच पंगतीला बसवावे लागतील, कारण दोघांचेही प्रोसेसर ६४ बिटचेच.

गिगाहर्ट्झचंही तेच. प्लेस्टेशन ३ चा सेल प्रोसेसर ३.२ गिगाहर्ट्झचा आणि प्लेस्टेशन ४ चा १.६ चा. आकडा अर्धा झाला, म्हणून मशीन मागे गेलं का? प्लेस्टेशन ४ मध्ये आठ साधे कोर (प्रोसेसरमधले एकाच वेळी काम करणारे भाग) होते, शिवाय प्रोसेसर आणि ग्राफिक्सला मिळून ८ जीबी मेमरी; प्लेस्टेशन ३ मध्ये दोघांना २५६-२५६ एमबी वेगवेगळी वाटलेली. सेलमधून काम काढून घेणं इतकं किचकट होतं की बऱ्याच स्टुडिओंना त्यात वर्षं गेली. घड्याळगती, म्हणजे हाच गिगाहर्ट्झचा आकडा, फक्त एकाच आराखड्याच्या दोन मशीनमध्ये ताडून पाहावी. गेमक्यूब आणि वीमध्ये ती चालते. बाकी ठिकाणी सोडून द्या.

टेराफ्लॉप: चार आणि सहाचा घोळ

दुकानातला तो सौदा. सहा टेरावाला म्हणजे २०१७ चा एक्सबॉक्स वन एक्स. चार टेरावाला म्हणजे २०२० चा एक्सबॉक्स सिरीज एस.

टेराफ्लॉप हा मोजून काढलेला वेग नाही, कागदावरचा गुणाकार आहे. ग्राफिक्स चिपमधली गणन-युनिटं, प्रत्येकात ६४ गणकं, प्रत्येक ठोक्याला दोन क्रिया, आणि घड्याळगती. प्लेस्टेशन ५ चं करून पाहा: ३६ गुणिले ६४ गुणिले २ गुणिले २.२३ गिगाहर्ट्झ. उत्तर १०.२८ येतं, तोच आकडा सोनीने सांगितला. सिरीज एसचा मोठा भाऊ सिरीज एक्स, त्याची ५२ युनिटं, १.८२५ गिगाहर्ट्झ, म्हणून १२.१५. या गुणाकारात मेमरीचा वेग नाही, प्रोसेसर नाही, गेम उचलणारी डिस्क नाही, आणि चिपचा आराखडा किती हुशार आहे तेही नाही.

वन एक्सची ग्राफिक्स चिप एएमडी या चिप कंपनीच्या जुन्या घराण्यातली, सिरीज एसची तिच्याच नव्या आरडीएनए २ घराण्यातली. तितक्याच टेराफ्लॉपमध्ये नवी चिप जास्त काम उरकते. त्यापेक्षा मोठा फरक प्रोसेसरचा. वन एक्समधले एएमडीचे जॅग्वार कोर (अटारीच्या जॅग्वारशी संबंध नाही) २.३ गिगाहर्ट्झचे, आणि ते स्वस्त लॅपटॉपसाठी जन्मलेले. सिरीज एसमध्ये एएमडीच्याच नव्या झेन २ चे कोर ३.६ गिगाहर्ट्झपर्यंत धावतात. इथे गती जास्त आहे आणि आराखडाही पिढ्यान्‌पिढ्या पुढचा, म्हणून ६० फ्रेमचे (सेकंदाला ६० चित्रं दाखवणारे) गेम याला झेपतात. वर एसएसडी, म्हणजे जुन्या हार्डडिस्कपेक्षा कितीतरी वेगवान साठवण. आणि नव्या पिढीसाठीच काढलेले गेम वन एक्सवर इन्स्टॉलच होत नाहीत.

पण वन एक्सला मोडीत काढू नका. त्याला १२ जीबी मेमरी आहे आणि तिचा वेग सेकंदाला ३२६ जीबी. सिरीज एसला १० जीबी, त्यातल्या मोठ्या भागाचा वेग २२४. म्हणूनच वन एक्ससाठी खास ४के (फुल एचडीच्या चौपट बारीक चित्र) करून दिलेले जुने गेम सिरीज एसवर त्या ४के रूपात चालत नाहीत, साध्या एक्सबॉक्स वनचं रूप उघडतं. घरात ४के टीव्ही आहे, जुने गेम खेळायचेत आणि गल्लीत डिस्कची देवाणघेवाण चालते, अशा माणसाला मी आजही वन एक्स घे म्हणेन. कारण शेवटचा मुद्दा सगळ्यात साधा आहे: सिरीज एसला डिस्क घालायची खाचच नाही. स्वस्तात मशीन घेतलं, सोबत मित्राकडून दहा डिस्क आणल्या, आणि आता त्या कुठे घालायच्या म्हणून मशीन उलटंपालटं करून पाहणारे लोक आहेत.

जुनं नव्यावर चालेलच, असं धरणं

प्लेस्टेशन ५ वर प्लेस्टेशन ४ चे जवळपास सगळे गेम चालतात. प्लेस्टेशन ३ ची डिस्क मात्र चालत नाही. प्लेस्टेशन ३ वर प्लेस्टेशन २ ची डिस्क चालते हेही अर्धसत्य. सुरुवातीच्या ठराविक मॉडेलांत जुन्या चिपा बसवलेल्या होत्या, नंतर खर्च वाचवायला काढून टाकल्या. प्लेस्टेशन ३ च्या नंतरच्या स्लिम (पातळ) मॉडेलमध्ये तर त्या नाहीतच. एक्सबॉक्स सिरीज एक्स याबाबतीत दिलदार आहे, पहिल्या एक्सबॉक्सपासूनच्या कितीतरी डिस्क घेतो. पण सगळ्या नाही, यादी पाहावी लागते.

प्लेस्टेशन ४ घेताना तळाचा कागद वाचा. सीयूएच-७००० च्या मालिकेतला असेल तर प्रो, सीयूएच-२००० चा असेल तर स्लिम. स्लिमला "प्रो" म्हणून खपवणं फार सोपं आहे, कारण विकत घेणाऱ्याने दोन्ही शेजारी ठेवून कधी पाहिलेले नसतात. प्रो ४.२ टेराफ्लॉपचा, साधा १.८४ चा, बॅच मात्र एकच, म्हणून गेमही तेच. टीव्ही फुल एचडीच असेल तर प्रोवर चित्र थोडं नितळ दिसतं, काही गेम थोडे सुरळीत चालतात. त्यासाठी किती जास्त मोजायचे ते ज्याचं त्याने ठरवावं.

साठवणुकीचा आकडाही डब्यावरचा धरू नका. पहिल्या प्लेस्टेशन ५ चे ८२५ जीबी हातात येतात ते ६६७. सिरीज एसचे ५१२ जीबी हातात येतात ३६४ च्या आसपास, म्हणजे मोठे गेम चार-पाच. प्लेस्टेशन ५ चे गेम यूएसबीच्या हार्डडिस्कवर ठेवता येतात, पण तिथून खेळता येत नाहीत.

मशीन चांगलं, पण चित्र तसंच

"नवा घेतला, फरकच दिसत नाही" ही तक्रार आली की आधी टीव्ही पाहा. बऱ्याच ४के टीव्हींमध्ये एचडीएमआयच्या पोर्टचा पूर्ण वेग सेटिंगमध्ये जाऊन चालू करावा लागतो. कंपनीप्रमाणे त्या पर्यायाचं नाव वेगळं. प्लेस्टेशन ५ च्या स्क्रीन आणि व्हिडिओ सेटिंगमध्ये सध्या कोणतं रिझोल्यूशन आणि किती हर्ट्झ बाहेर जातंय ते लिहिलेलं दिसतं. तिथे १०८० (म्हणजे फुल एचडीच) दिसत असेल तर दोष मशीनचा नाही. टीव्ही ६० हर्ट्झचा असेल तर १२० फ्रेमच्या गप्पा सोडून द्या. डब्यावरचं ८के तर विसराच.

मग ऊन. प्लेस्टेशन ५ साठी सोनीने ५ ते ३५ अंश सेल्सिअस खोलीचं तापमान सांगितलंय. मे महिन्यात नांदेड-परभणीला पारा चाळिशीच्या वर असतो आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त. कूलर थेट कन्सोलकडे तोंड करून लावू नका, दमट हवा आत जाते. मित्राचं मशीन शांत आणि आपलं घोंघावतंय म्हणून आपलं कमजोर ठरवण्याआधी पंख्याच्या जाळीवरची धूळ पाहा.

वॅटचाही असाच गैरसमज. पहिल्या प्लेस्टेशन ५ वर ३५० वॅट लिहिलेलं असतं ती त्याच्या वीजपुरवठ्याची कमाल क्षमता आहे. जड गेममध्येही तो साधारण २०० च्या आसपास खातो. यूपीएस घेताना कन्सोलचे २०० आणि टीव्हीचे वेगळे धरा, आणि यूपीएसवरचा व्हीएचा आकडा वॅट म्हणून वाचू नका. ६०० व्हीएचे बरेच यूपीएस ३६० वॅटच देतात. लाइटचा भरवसा नसेल तर रेस्ट मोड (मशीन पूर्ण बंद न होता झोपून राहणं) बंद ठेवा आणि खेळून झालं की मशीन पूर्ण बंद करा. रेस्टमध्ये लाइट गेली की पुढच्या वेळी स्टोरेज तपासणीची पट्टी येते, आणि बाहेरून लावलेल्या हार्डडिस्कला त्याचा फटका जास्त बसतो.