जोगत्याची कहाणी टिपताना

जोगत्याची कहाणी टिपायला मंगळवारी-शुक्रवारी जाऊ नका. ते यल्लमा देवीचे वार, जोगते, म्हणजे देवीला सोडलेले, बरेचदा साडी नेसून बाईसारखे राहणारे पुरुष, परडी घेऊन जोगवा मागायला बाहेर पडलेले असतात. मार्गशीर्ष पुनवेलाही घराला कुलूप, सगळी मंडळी यल्लमाच्या देवळाला, सौंदत्तीच्या डोंगरावर.

ज्या जोगत्याची कहाणी मी टिपली, त्या मावशींना पहिल्या खेपेला विचारलं, "तुम्ही जोगता कधी झालात?" जट आली, अंगात आलं, घरच्यांनी देवीला सोडलं, दहा मिनिटांत कहाणी संपली. पेपरवाल्यांना सांगून सांगून ती पाठच झाली होती. दुसऱ्या खेपेला चौंडक्याबद्दल, त्यांच्या एकतारी वाद्याबद्दल विचारलं. त्यांनी ते काखेत धरलं, तार ओढून सूर चढवून दाखवला, सैल सोडून उतरवला. मग हे शिकवलं कुणी, चुकलं की गुरू कुठं मारायचा, पहिला जग, म्हणजे देवीची मूर्ती बसवलेली टोपली, डोक्यावर घेतला तेव्हा मान किती दिवस धरली, हे सगळं आपोआप निघालं. दोन तास! तेव्हा सुरुवात वाद्यापासून करा. शरीराबद्दल, ऑपरेशनबद्दल आपण होऊन विचारू नका.

साल विचारून मिळत नाही. बहात्तरच्या दुष्काळाआधी की नंतर, २००५ च्या महापुरात कुठं होता, असं विचारा.

फोन एअरप्लेन मोडवर टाका, पंखा बंद करा. चौंडकं वाजणार असेल तर फोन चार हात लांब ठेवा, नाहीतर आवाज फाटतो. सुरुवातीला तारीख, गाव आणि खोलीत कोण कोण बसलंय ते बोलून घ्या. शेजारीण बसली असली की गोष्ट बदलते.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो लिहून काढताना. मावशी एकाच दमात "मी शाळेत गेलो" आणि "डोंगरावर गेले" म्हणतात. टायपिंग करून देणाऱ्या पोरानं सगळीकडं 'गेले' करून ठेवलं होतं, भाषा शुद्ध केली म्हणे. परत ऐकून एकेक क्रियापद मी जागेवर आणलं. कुठल्या आठवणीत 'गेलो' येतं आणि कुठल्या आठवणीत 'गेले', तीच तर कहाणी आहे.

त्यांचा दिवस मोडतो, तेव्हा पैसे द्या, आणि ते आधी ठरवा. परवानगी मात्र शेवटी, सगळं ऐकवून घ्या: गाणी, गुरूची गोष्ट, घरची गोष्ट, प्रत्येकाला वेगळं विचारून. मी मावशींना सगळं मेमरी कार्डात भरून दिलं, तर त्यांनी गाणी तेवढी ठेवून घेतली. "बाकीचं तुझ्याकडंच असू दे. हा फोन भाचरं खेळायला घेतात."