स्वातंत्र्यलढ्यातील नेत्यांवर भाषण किंवा फलक लिहिताना या चुका टाळा

ऑगस्ट उजाडला की कोल्हापुरातील शाळांमध्ये भाषणांची तयारी आणि पेठांतील तालीम मंडळांमध्ये फलकांची जुळवाजुळव सुरू होते. या मजकुरात दरवर्षी त्याच त्या चुका आढळतात. त्यांतील बहुतेकांचे मूळ एकच असते: ज्या नेत्याविषयी लिहायचे, तो त्या वर्षी कोणत्या पदावर होता, कोणाच्या राज्यात राहत होता आणि नेमका कोणाविरुद्ध उभा होता, हे न तपासताच त्याचे नाव एखाद्या प्रसिद्ध घटनेला जोडले जाते.

कोल्हापूरपुरती सर्वांत मोठी चूक म्हणजे येथील लढा पुण्या-मुंबईच्या लढ्यासारखाच होता असे गृहीत धरणे. पुणे, सातारा, बेळगाव हे जिल्हे मुंबई इलाख्यात, म्हणजे थेट ब्रिटिश अमलाखाली होते. कोल्हापूर हे संस्थान होते. गादीवर छत्रपती होते आणि त्यांच्या कारभारावर ब्रिटिश सरकारच्या प्रतिनिधीची, म्हणजे आधी पोलिटिकल एजंटाची व पुढे रेसिडेंटाची नजर असे. त्यामुळे ‘इंग्रजांच्या जिल्ह्यात कोल्हापूरकरांनी काँग्रेसचा लढा दिला’ अशा धर्तीचे वाक्य मुळातच चुकते. संस्थानी प्रजेची चळवळ संस्थानांतल्या संघटनांनीच चालवावी, असे काँग्रेसचे धोरण १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनापर्यंत स्पष्ट झाले होते. कोल्हापुरात हे काम १९३९ मध्ये स्थापन झालेल्या प्रजापरिषदेने केले. माधवराव बागल आणि रत्नाप्पा कुंभार ही त्यातील ठळक नावे. परिषदेची मागणी छत्रपतींना हटवण्याची नव्हती, तर त्यांच्या छत्राखाली जबाबदार राज्यपद्धती, म्हणजे लोकप्रतिनिधींना उत्तरदायी असलेला कारभार मिळावा अशी होती. फलकावर केवळ ‘इंग्रजांना हाकलण्यासाठी प्रजापरिषद’ असे लिहिल्यास या चळवळीचा अर्धा भाग गळून पडतो, आणि माझ्या मते तोच भाग अधिक कोल्हापुरी आहे.

१९४२ मध्ये मात्र हे दोन्ही प्रवाह एकत्र आले. मुंबई इलाख्याचे माजी गव्हर्नर विल्सन यांच्या शहरातील पुतळ्याची विटंबना करणाऱ्यांत भागीरथीबाई तांबट यांच्यासारख्या स्त्रिया होत्या. पुढे त्या जागी शिवाजी महाराजांचा अर्धपुतळा उभा राहिला. १३ डिसेंबर १९४२ रोजी गारगोटीच्या कचेरीवर झालेल्या हल्ल्यात सात जणांनी प्राण गमावले. या घटना सांगताना त्यांना सरसकट ‘प्रतिसरकार’, म्हणजे ब्रिटिशांना समांतर सरकार, हे नाव देऊ नये. क्रांतिसिंह नाना पाटील यांचे प्रतिसरकार प्रामुख्याने तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात उभे राहिले. आजचा सांगली जिल्हा त्या वेळी अस्तित्वात नव्हता, म्हणून नकाशा काढताना आजच्या जिल्हासीमा वापरल्या तर गोंधळ अटळ असतो.

याच ओघात आणखी एक दुरुस्ती सुचवावीशी वाटते. ‘१५ ऑगस्ट १९४७ रोजी कोल्हापूर मुंबई राज्यात विलीन झाले’ हे विधान चुकीचे आहे. संस्थानाचे मुंबई प्रांतातील विलीनीकरण १ मार्च १९४९ रोजी झाले, आणि मधल्या दीड वर्षात कोल्हापूर भारताशी जोडलेले असले तरी संस्थान म्हणून कायम होते.

टिळकांचा पहिला तुरुंगवास

लोकमान्य टिळकांचा पहिला तुरुंगवास कोल्हापूरच्याच प्रकरणातून घडला, ही गोष्ट येथील वक्ते अभिमानाने सांगतात. पण सांगताना तीन ठिकाणी घसरतात. पहिली घसरण म्हणजे त्याला राजद्रोहाचा खटला म्हणणे. १८८२ चा हा खटला अब्रुनुकसानीचा होता. छत्रपती चौथे शिवाजी यांना वेडे ठरवून छळले जात आहे, अशा आशयाचा मजकूर ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या पत्रांनी छापला होता. त्यात ज्यांच्यावर ठपका ठेवला गेला, ते संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे फिर्यादी होते. ज्या पत्रांच्या आधारे हा मजकूर छापला, ती पत्रे बनावट निघाली आणि संपादकांना चार महिन्यांची शिक्षा झाली. राजद्रोहाचे खटले टिळकांवर पुढे १८९७ आणि १९०८ मध्ये चालले. मंडालेचा सहा वर्षांचा कारावास यांपैकी दुसऱ्या खटल्यातला आहे. तो १८८२ ला जोडणारे निबंधही आढळतात.

दुसरी घसरण म्हणजे आगरकरांना वगळणे. डोंगरीच्या तुरुंगात टिळकांबरोबर गोपाळ गणेश आगरकरही होते, आणि तेथील १०१ दिवसांची हकीकत लिहून ठेवली ती आगरकरांनीच. पुढे दोघांचे मार्ग वेगळे झाले, म्हणून मागच्या काळातही त्यांना वेगळे करण्याचे कारण नाही.

तिसरी घसरण सर्वांत सहज होते आणि सर्वांत जास्त खटकते. ‘टिळकांनी शाहू महाराजांसाठी तुरुंगवास भोगला’ असे वाक्य काही भाषणांत येते. १८८२ मध्ये राजर्षी शाहू हे कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव नावाचे आठ वर्षांचे बालक होते. चौथ्या शिवाजींचा १८८३ च्या डिसेंबरमध्ये अहमदनगरच्या किल्ल्यात अंत झाला. त्यानंतर मार्च १८८४ मध्ये यशवंतराव दत्तक आले आणि १८९४ मध्ये त्यांनी राज्यकारभार हाती घेतला. पुढे वेदोक्त प्रकरणात, म्हणजे राजघराण्याचे धार्मिक विधी वैदिक मंत्रांनी व्हावेत की नाही या वादात, टिळक आणि शाहू महाराज एकमेकांच्या विरुद्ध बाजूंना होते, हे लक्षात घेतले तर या वाक्यातील विसंगती आणखी ठळक होते.

एकाच नावाची अनेक माणसे

करवीरच्या, म्हणजे कोल्हापूरच्या, गादीवर शिवाजी, शाहू आणि राजाराम ही नावे पुन्हा पुन्हा येतात. १८७० मध्ये इटलीतील फ्लॉरेन्स येथे निधन पावलेले राजाराम महाराज निराळे आणि १९२२ ते १९४० या काळात राज्य केलेले राजर्षींचे पुत्र राजाराम महाराज निराळे. १८५७ च्या उठावासंदर्भात ज्यांना कराचीला नेऊन ठेवले, ते चिमासाहेब महाराज तर गादीवर नव्हतेच. ते तत्कालीन छत्रपतींचे बंधू होते. म्हणून नावाबरोबर राज्यकाल लिहिण्याची सवय लावावी. त्याने अर्ध्याहून अधिक गोंधळ आपोआप मिटतो.

राजर्षी शाहूंना ‘स्वातंत्र्यसैनिक’ म्हणण्याचा मोहही टाळावा. त्यांचे १९२२ मध्ये निधन झाले आणि त्यांचे कार्य त्या चौकटीत बसत नाही. २६ जुलै १९०२ रोजी त्यांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा आदेश काढला आणि मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाला जाहीर पाठिंबा दिला. नव्या राष्ट्राच्या घडणीत त्यांचे स्थान येथे आहे, आणि ते दाखवण्यासाठी त्यांना सत्याग्रही ठरवण्याची गरज नाही. याउलट गोपाळ कृष्ण गोखले यांचे शिक्षण कागल आणि कोल्हापुरात झाले असूनही येथील फलकांवर त्यांचे नाव क्वचितच दिसते.

राज्यघटना आणि दिल्लीतील पदे

घटना समितीचे अध्यक्ष डॉ. राजेंद्र प्रसाद होते. डॉ. आंबेडकर हे २९ ऑगस्ट १९४७ रोजी नेमलेल्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते. ही दोन पदे एकमेकांत मिसळल्याने दोघांच्याही कामाचे चित्र बिघडते. रत्नाप्पा कुंभार घटना समितीचे सदस्य होते, ही कोल्हापूरला भूषणावह गोष्ट आहे. परंतु त्यांना मसुदा समितीचे सदस्य म्हणू नये. ती समिती सात जणांची होती आणि त्यांत त्यांचे नाव नव्हते.

तारखांचेही तसेच आहे. घटना २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारली गेली आणि २६ जानेवारी १९५० रोजी पूर्णपणे अमलात आली. हा दुसरा दिवस निवडण्याचे कारण १९३० साली त्याच दिवशी पाळलेला पूर्ण स्वराज्य दिन हे आहे. १५ ऑगस्ट १९४७ पासून २६ जानेवारी १९५० पर्यंत भारताला राष्ट्रपती नव्हते. प्रथम माउंटबॅटन आणि जून १९४८ पासून चक्रवर्ती राजगोपालाचारी हे गव्हर्नर जनरल होते. नेहरूंनी लाल किल्ल्यावर पहिल्यांदा तिरंगा फडकवला तो १५ ऑगस्टला नव्हे, तर १६ ऑगस्ट १९४७ रोजी. १५ ऑगस्टला गांधीजी दिल्लीत नव्हते. ते कलकत्त्यात होते. त्यामुळे दिल्लीच्या सोहळ्यात त्यांना उभे करणारी नाटुकली लिहू नयेत.

व्हॉट्सॲपवरचा मजकूर

दर फेब्रुवारीत ‘१४ फेब्रुवारीला भगतसिंगांना फाशीची शिक्षा सुनावली’ असा संदेश फिरतो. ती शिक्षा ७ ऑक्टोबर १९३० रोजी सुनावली गेली आणि २३ मार्च १९३१ रोजी लाहोरला अमलात आली. ती ब्रिटिश पोलीस अधिकारी साँडर्स याच्या वधाच्या खटल्यातली होती, मध्यवर्ती विधिमंडळात टाकलेल्या बाँबबद्दलची नव्हे. बाँब टाकताना भगतसिंगांबरोबर बटुकेश्वर दत्त होते. राजगुरू तेथे नव्हते. ‘इन्कलाब झिंदाबाद’ ही घोषणा भगतसिंगांनी देशभर पोहोचवली, पण तिचा उगम हसरत मोहानी यांच्याकडे सांगितला जातो.

मजकूर पक्का करण्यापूर्वी प्रत्येक नावापुढे वर्ष, पद आणि ठिकाण कच्च्या कागदावर लिहून पाहावे, आणि ज्या नावापुढे यांतील एखादा रकाना रिकामा राहतो ते वाक्य आधी तपासावे. स्थानिक बाबींसाठी जिल्हा गॅझेटियर आणि करवीर नगर वाचन मंदिरातील जुनी पुस्तके उपयोगी पडतात. घटना समितीत कोण काय बोलले, हे तिच्या छापील कामकाजात दिवसवार पाहता येते. एखाद्या नेत्याच्या तोंडी घातलेल्या वाक्याचा मूळ आधार सापडला नाही, तर अवतरणचिन्हे काढून टाकावीत आणि त्याची भूमिका आपल्या शब्दांत मांडावी.