घराचं काम काढलंय? मग जुनं सेंट्रल हीटिंग पण आत्ताच बदलून घ्या, फक्त बॉयलर सगळ्यात शेवटी निवडा

घराचं काम काढलं की फरशी उखडलेली असते, भिंती फोडलेल्या असतात, सामान एका खोलीत कोंबलेलं असतं, त्यामुळे जुनं सेंट्रल हीटिंग (बॉयलरचं गरम पाणी पाइपांतून खोल्याखोल्यांत फिरवून घर गरम ठेवणारी सिस्टिम) बदलायला याच्यापेक्षा चांगली वेळ परत मिळत नाही. पण बहुतेक जण सुरुवात करतात ती बॉयलरच्या कॅटलॉगपासून आणि तिथेच सगळं उलटं होतं. जुन्या बॉयलरच्या पाटीवर २८ किलोवॉट लिहिलंय म्हणून नवापण २८ चाच घ्यायचा, हा हिशोब डोक्यातून काढून टाका. जुने बॉयलर बऱ्याचदा मुळातच गरजेपेक्षा मोठे बसवलेले असतात, त्यात तुम्ही आता खिडक्या बदलणार, छताला इन्सुलेशन (उष्णता अडवणारा थर) घालणार, मग घराला तेवढी उष्णता लागणारच नाही. आधी खोल्या, मग रेडिएटर (आत गरम पाणी फिरणारे भिंतीवरचे पत्रे) किंवा फ्लोअर हीटिंग (फरशीखालचे गरम पाण्याचे पाइप), मग पाइप आणि शेवटी मशीन, म्हणजे बॉयलर किंवा हीट पंप (बाहेरची उष्णता आत आणणारं विजेचं मशीन), असा क्रम ठेवा.

तोडफोड सुरू व्हायच्या आधी जुनी सिस्टिम एकदा चालू करून सगळ्या घरातून फिरून या. प्रत्येक रेडिएटरवर वरपासून खालपर्यंत हात फिरवायचा (फार गरम असेल तर जपून). वर गार आणि खाली गरम असेल तर आत हवा अडकलीय, हवा काढली की काम झालं. वर गरम आणि खाली मधोमध गार असेल तर तळाशी गाळ बसलाय. असा रेडिएटर सोडवून बादलीत उलटा केला की शाईसारखं काळं पाणी येतं, त्यात लोहचुंबक बुडवला तर काळा थर त्याला चिकटून येतो, कारण ते आतल्या आत गंजलेलं लोखंडच असतं. सगळीकडे असंच पाणी निघालं तर जुन्या पाइपांवर नवीन मशीन बसवायच्या आधी दहा वेळा विचार करा. कुठला पाइप कुठून जातो, सप्लाय (गरम पाणी नेणारा) आणि रिटर्न (गार झालेलं पाणी परत आणणारा) पाइप वेगळे आहेत की एकाच पाइपवर सगळे रेडिएटर ओवलेत, तेही याच फेरीत कागदावर उतरवून घ्या.

एक गोष्ट मात्र हात न लावता बघायची. जुन्या पाइपांवरचं पांढरट, करडं, प्लास्टरसारखं वेष्टण, बॉयलरच्या दाराची दोरीसारखी गॅस्केट, धुराड्याचे जुने सिमेंटचे पाइप, यात अ‍ॅस्बेस्टॉस (फुफ्फुसांना घातक तंतू) असू शकतं. खरवडून बघायचं नाही, तोडायचं नाही, आधी नमुना तपासून घ्यायचा आणि निघालंच तर ते काढायचं काम त्यातल्या परवानाधारक माणसांचं.

आता हिशोब, आणि इथे कंटाळा करू नका कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. प्रत्येक खोलीतून थंडीत किती उष्णता बाहेर जाते ते काढायचं असतं. भिंत, खिडकी, छत, जमीन, प्रत्येकाचं क्षेत्रफळ गुणिले त्याची यू-व्हॅल्यू (एका चौरस मीटरमधून दर अंश फरकाला किती वॉट जातात तो आकडा) गुणिले आतल्या-बाहेरच्या तापमानातला फरक, वर हवेच्या गळतीचे थोडे. उदाहरण घ्या, बाहेरची १० चौरस मीटर भिंत, नुसती भरीव विटांची, यू-व्हॅल्यू साधारण २, आत २० अंश आणि बाहेर शून्य, तर त्या एका भिंतीतून ४०० वॉट जातात. तिलाच नीट इन्सुलेशन करून यू-व्हॅल्यू ०.३ वर आणली की फक्त ६० वॉट. म्हणूनच हा हिशोब कामानंतरच्या घराचा करायचा, आत्ताच्या नाही. पूर्ण घराचा हिशोब डिझायनरकडून किंवा इन्स्टॉलरकडून खोलीवार, लेखी मागा. जो नुसता घराचा एरिया विचारून किलोवॉटचा आकडा फेकतो त्याला चहा पाजून परत पाठवा.

मग येतात रेडिएटर. त्याच्यावर लिहिलेले वॉट हे साधारणपणे ७५ अंशाचं पाणी आत जाऊन ६५ ला बाहेर पडतंय आणि खोली २० अंश आहे असं धरून दिलेले असतात. तेच पाणी ४५ ला आत आणि ४० ला बाहेर असं चालवलं तर १००० वॉटचा रेडिएटर जेमतेम ३५० वॉट देतो. ऐकून धक्का बसतो, पण वरची भिंत आठवा, खोलीची गरजच तेवढी खाली आली असेल तर जुना रेडिएटर कमी गरम पाण्यावरही पुरतो. आणि पाणी जितकं कमी गरम करावं लागेल तितकं मशीन स्वस्तात चालतं. कंडेन्सिंग बॉयलरचं रिटर्नचं पाणी साधारण ५५ अंशाच्या खाली असेल तरच धुरातली वाफ पाणी होऊन तिच्यातली उष्णता परत मिळते, नाहीतर नावालाच कंडेन्सिंग. हीट पंपाचं तर सगळं गणितच यावर, ३५ अंशावर तो जेवढा खूश तेवढा ५५ वर नाही. सोपी चाचणी हवी असेल तर थंडीच्या दिवसांत जुन्याच बॉयलरचं पाणी ५० वर आणून ठेवा आणि कुठली खोली कुडकुडते बघा, मोठा रेडिएटर कुठे हवा ते आपोआप कळतं.

फरशी उखडलीच असेल तर फ्लोअर हीटिंगचा विचार नक्की करा. मात्र त्याला उंची लागते (खाली इन्सुलेशन, त्यावर पाइप, त्यावर स्क्रीड, म्हणजे पाइप झाकणारा ओतीव थर), दारांच्या उंबऱ्यांचा प्रश्न येतो आणि मुख्य म्हणजे वेळ लागतो. पाइपात प्रेशर ठेवूनच स्क्रीड ओतायचं, म्हणजे कुणाचं फावडं लागलं तर तेव्हाच कळेल. सिमेंटचं स्क्रीड असेल तर किमान २१ दिवस हीटिंग चालू करायचं नाही, मग २५ अंशांपासून हळूहळू वर. लाकडी फ्लोअरिंगवाला घाई करत असेल तरी ओलावा मोजल्याशिवाय त्याला आत घेऊ नका.

आता मशीन. बाहेर युनिटला जागा, आत गरम पाण्याच्या टाकीला जागा आणि विजेचं कनेक्शन पुरेसं असेल तर हीट पंप, नाहीतर योग्य मापाचा कंडेन्सिंग बॉयलर, माझं मत एवढंच. बॉयलर घेतलात तर जुन्या धुराड्यात तसाच जोडता येत नाही, त्यातून निघणारं पाणी आम्लयुक्त असतं, त्याला स्वतःचा फ्लू (धूर बाहेर नेणारा पाइप) आणि उताराचा ड्रेन पाइप लागतो, आणि तो पाइप बाहेरून गेला तर कडाक्याच्या थंडीत गोठून बॉयलर बंद पडतो. हीट पंप घेतलात तर जुने बारीक ८ किंवा १० मिमीचे पाइप बहुतेक बदलावेच लागतील, कमी तापमानाचं पाणी जास्त प्रमाणात फिरवावं लागतं ना. गॅसचं कनेक्शन तोडणं-जोडणं परवानाधारक माणसानेच करायचं, इथे हौशी कारभार नको, आणि जिथे काही जळतं तिथे कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच.

नवीन पाइप टाकले की प्लास्टरवाल्याला थोपवून धरा. आधी पाण्याने प्रेशर टेस्ट, नेहमीच्या प्रेशरच्या दीडपट, काटा हलतोय का बघायचं. मग टेप ठेवून प्रत्येक भिंतीचे, जमिनीचे फोटो, म्हणजे पुढे खिळा ठोकताना पाइप कुठे आहे ते कळेल. प्लास्टिकचे पाइप असतील तर ऑक्सिजन बॅरियरवालेच घ्या, नाहीतर हवा आत झिरपून परत तोच काळा गाळ.

शेवटी सगळी सिस्टिम धुऊन काढणं, पाण्यात इन्हिबिटर (गंज रोखणारं रसायन) घालणं, रिटर्नवर मॅग्नेटिक फिल्टर, थंड असताना प्रेशर १ ते १.५ बार. आणि बॅलन्सिंग, जे इन्स्टॉलर हमखास टाळतात. रेडिएटरच्या ज्या बाजूला नॉब नाही तिथल्या टोपीखाली एक व्हॉल्व्ह असतो, पंपाजवळच्या रेडिएटरचा तो बराच आवळायचा, लांबच्याचा मोकळा ठेवायचा, म्हणजे पाणी सगळ्यांना सारखं मिळतं. हे झाल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.

पहिल्या थंडीत वेदर कॉम्पेन्सेशनचा कर्व्ह (बाहेरच्या थंडीनुसार पाणी किती गरम करायचं ते ठरवणारी सेटिंग) एकेक पायरी खाली आणत जा, प्रत्येक वेळी दोन दिवस थांबा, घर लगेच उत्तर देत नाही. एखादी खोली गार पडायला लागली की एक पायरी वर घ्या आणि सेटिंग तिथेच सोडा.