प्रेशर वॉशिंगचं सांडपाणी: कोकणात कामं घेताना या चुका टाळा

गणपतीच्या आधी आणि पुन्हा दिवाळीच्या तोंडावर कोकणपट्टीत प्रेशर वॉशरची कामं एकदम वाढतात. रिसॉर्टचं आवार, जांभ्याचा गडगा, शेवाळलेली कौलं, गॅरेजची काळी पडलेली लादी, किनाऱ्यावर ओढलेल्या होड्या. शेवाळ निघून दगड लाल दिसायला लागला की गिऱ्हाईक खूश होतं. पण मिनिटाला १० ते १५ लिटर पाणी फेकणारं मशीन तासाभरात ६०० ते ९०० लिटर घाण पाणी तयार करतं. ते कुठे जाऊन थांबणार हे आधी ठरवा, पाइप त्यानंतर जोडा.

गटार म्हणजे ड्रेनेज, असं धरून चालणं

सगळ्यात जास्त नुकसान याच चुकीने होतं. कोकणातल्या बहुतेक गावांत रस्त्याकडेचं गटार पावसाचं पाणी वाहून नेण्यासाठी असतं. त्याच्या पुढे शुद्धीकरण केंद्र वगैरे काही नसतं. गटारातून पऱ्या म्हणजे ओढा, ज्याला मालवण-वेंगुर्ल्याकडे व्हाळ म्हणतात, आणि तिथून थेट खाडी. ओहोटीच्या वेळी खाडीत पाणी कमी असतं, त्यामुळे आलेलं रसायन पातळ न होता चिखलावरच पसरतं. तिसऱ्या आणि कालवं हे शिंपल्यातले जीव तिथेच असतात. त्यांना हलून दुसरीकडे जाता येत नाही.

उन्हाळ्यात सोडलेलं पाणी तर खाडीपर्यंत पोचतही नाही, गटारातच आटतं. तेल, साबण, रंगाची भुकटी तळाला बसून राहते आणि पहिल्या पावसाच्या लोंढ्यात एकदम पऱ्यात उतरते. चढणीचे मासे, म्हणजे पहिल्या पावसात प्रवाहाविरुद्ध चढणारे, वर येतात तेही नेमके त्याच दिवसांत.

कायद्याच्या बाजूनेही पळवाट नाही. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याच्या कलम २४ प्रमाणे प्रदूषित पाणी प्रवाहात, विहिरीत, गटारात किंवा जमिनीवर, प्रत्यक्ष काय नि अप्रत्यक्ष काय, जाणूनबुजून सोडायला मनाई आहे. ‘आम्ही फक्त गटारात सोडलं’ हे उत्तर तिथे टिकत नाही.

काम सुरू करण्याआधी आवारात दोन-तीन ठिकाणी बादलीभर साधं पाणी ओता आणि ते कुठे जातं बघा. सगळ्यात सखल जागा सापडली की तिथे वाळूच्या गोण्यांचा बांध घाला. नुसत्या गोण्यांतून पाणी झिरपतं, म्हणून आतल्या बाजूने ताडपत्री घ्या. साचलेलं पाणी लहान मड पंपाने २०० लिटरच्या ड्रममध्ये उचला.

कौलं धुताना विहीर विसरणं

शेवाळासाठी सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे क्लोरीनचं पातळ ब्लीच, वापरतात. अलीकडे बऱ्याच घरांत पन्हळीचं पाणी पाइपाने विहिरीत किंवा टाकीत सोडलेलं असतं. तो पाइप काढून ठेवला नाही तर छपरावरचं ब्लीच आणि शेवाळ सरळ पिण्याच्या पाण्यात जाईल. पाइप आधी सोडवा, खाली पिंप लावा. अंगणातही सावध राहा. जांभा सच्छिद्र असतो, वर ओतलेलं पाणी भेगांतून लवकर खाली झिरपतं. जमिनीत मुरलं म्हणजे गाळलं गेलं, या समजुतीवर विसंबू नका.

ड्रममधल्या पाण्यात क्लोरीन उरलं आहे का, हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. पोहण्याच्या तलावासाठी जो किट असतो तोच चालतो. थेंब टाकल्यावर पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे. उघड्या ड्रमला ऊन लागू द्या किंवा मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारं सोडियम थायोसल्फेट टाका आणि पुन्हा तपासा.

क्लोरीन मारायला ॲसिड कधीही टाकू नका. दोन्ही एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो. सिमेंटचे डाग काढायला ॲसिड वापरलं असेल तर ते पाणी वेगळ्या ड्रममध्येच धरा आणि खाण्याचा सोडा थोडा थोडा टाकून पीएच ७ च्या आसपास आणा.

हे पाणी सेप्टिक टँकमध्ये ओतण्याचा मोहही टाळा. ब्लीचने टाकीतले जिवाणू मरतात आणि एकदम आलेल्या पाण्याने तळाचा गाळ ढवळून शोषखड्ड्यात जातो. पुढे शोषखड्डा तुंबतो.

ऑइल ट्रॅप आहे, तरी तवंग येतोच

ही तक्रार गॅरेजवाल्यांकडून आणि हॉटेलांकडून नेहमी ऐकू येते. ट्रॅप भरून गेला असेल तर तो उपसा, पण बहुतेकदा दोष धुण्याच्या पद्धतीत असतो. ट्रॅप म्हणजे सांडपाण्यातलं तेल अडवणारी टाकी, तिचं काम तेल वर तरंगण्यावर चालतं. गरम पाणी, जोराचा फवारा आणि डिग्रीझर (तेलकटपणा सोडवणारं रसायन) एकत्र आले की तेलाचे बारीक थेंब होऊन पाण्यात मिसळतात, तरंगतच नाहीत. तेल दुधाळ पाण्यासोबत ट्रॅपमधून निघून जातं आणि पुढे गेल्यावर वेगळं होतं.

म्हणून आधी कोरडं काम. तेलावर लाकडाचा भुसा टाका, तासभर मुरू द्या, खरवडून झाडून घ्या. मग डिग्रीझर अगदी थोडं लागतं. ट्रॅपमध्ये पाणी सावकाश सोडा.

‘बायोडिग्रेडेबल’ लिहिलेला साबणही पऱ्यात सोडायचा नसतो. ‘सहज विघटनशील’ ठरवण्याची प्रमाणित चाचणीच २८ दिवसांची असते. माशांच्या कल्ल्यांना साबणाचा त्रास होतो तो त्याच दिवशी.

होड्यांचा तळ वाळूवर धुणं

शाकारलेल्या, म्हणजे किनाऱ्यावर ओढून झाकून ठेवलेल्या होड्यांच्या तळाला अँटिफाउलिंग रंग असतो. त्यात बहुधा तांबं असतं, आणि शंख-शिंपले तळाला चिकटू नयेत म्हणूनच ते घातलेलं असतं. तो रंग फवाऱ्याने उडून वाळूत गेला की पुढच्या भरतीला खाडीत पोचतो आणि तिथेही तेच काम करतो. होडीखाली ताडपत्री पसरा, कडा उचलून बांधा, सैल पापुद्रे आधी हाताने खरवडा. गोळा झालेला रंग कचराकुंडीत टाकू नका. तो घातक कचरा आहे आणि अधिकृत केंद्रातच द्यावा लागतो, पनवेलजवळ तळोज्याला असं केंद्र आहे. एका होडीसाठी कोणी तिथवर जाणार नाही, त्यामुळे बंदरावरच्या सगळ्यांनी मिळून एक बंद पिंप ठेवणं सोयीचं.

लाल पाणी निवळतच नाही

जांभ्याची माती फार बारीक असते, रात्रभर ठेवली तरी वरचं पाणी गढूळच राहतं. तुरटी फिरवा आणि सकाळी वरचं पाणी हळूच काढा. समुद्रात किंवा नदीत सोडायच्या सांडपाण्यात तरंगता गाळ लिटरला १०० मिलिग्रॅमच्या आत असावा असा सर्वसाधारण निकष आहे. लालभडक पाणी त्यात बसण्याची आशा धरू नका. रसायन अजिबात वापरलं नसेल तर निवळलेलं पाणी विहिरीपासून लांबच्या माडाच्या आळ्यात चालतं, तळाचा गाळ वाळवून आवारातच वापरता येतो.

या सगळ्याला वेळ लागतो आणि पैसेही, म्हणून ते कोटेशनमध्ये स्वतंत्र ओळीत लिहा: ‘सांडपाणी अडवणे, उचलणे, विल्हेवाट’. धुण्याच्या दरात मिसळलं तर घासाघीस होताना पहिली कात्री तिथेच लागते. गिऱ्हाईक ती ओळ काढा म्हणालं तर त्यांच्याच विहिरीकडे बोट दाखवून पाणी कुठून कुठे जाणार ते समजावून सांगा. तरीही ऐकलं नाही तर ब्लीच आणि ॲसिडचं काम घेऊ नका, ब्रश आणि साध्या पाण्याने होईल तेवढंच करून द्या.