नवी कोरी डिस्क लागत नाही? दुकानदाराशी भांडण्याआधी हे तपासा

सिनेमा थिएटरमधून उतरतो, काही महिन्यांनी त्याची फोर-के, म्हणजे अतिस्पष्ट चित्राची, डिस्क बाहेर पडते. भारतात ती सहसा मिळत नाही, म्हणून कुणी ऑनलाइन मागवतं, कुणी न्यू जर्सीहून येणाऱ्या भावाला आणायला सांगतं. घरी येऊन प्लास्टिक फाडायचं, डिस्क आत सरकवायची, की पडद्यावर 'ही डिस्क चालणार नाही'. मग डिस्क खराब निघाली म्हणून बोंब. खरं तर अशा दहातल्या बहुतेक डिस्क ठणठणीत असतात. गडबड असते ती मागवताना खोका नीट न वाचण्याची, नाहीतर टीव्हीच्या सेटिंगची.

खोक्याचा रंग साधारण खरं सांगतो. काळा खोका फोर-केचा, निळा साध्या ब्लू-रेचा, म्हणजे त्याआधीच्या एचडी डिस्कचा. साधा ब्लू-रे प्लेअर कितीही महागाचा असला तरी फोर-के डिस्क वाचू शकत नाही. प्लेस्टेशन फोर प्रोच्या नावामुळे अनेकजण फसतात, त्यावरही फोर-के डिस्क लागत नाही. डिस्क ड्राइव्ह असलेल्या प्लेस्टेशन फाइव्हवर लागते, पण उजेड-अंधार जास्त खुलवणारं डॉल्बी व्हिजन मिळत नाही, त्याच कामाच्या साध्या एचडीआर-१० वर समाधान मानावं लागतं. डिस्क ड्राइव्ह असलेल्या एक्सबॉक्स सिरीज एक्सवर लागते. सिरीज एसला ड्राइव्हच नाही. लॅपटॉपला बाहेरून ड्राइव्ह जोडून फोर-के बघू म्हणणाऱ्यांनी तो नाद सोडलेलाच बरा. त्यासाठी इंटेलच्या चिपमध्ये जी सुरक्षा-सोय लागायची, ती कंपनीने अकराव्या पिढीपासून काढायला सुरुवात केली.

आता रीजन, म्हणजे डिस्क जगाच्या कोणत्या भागातल्या प्लेअरवर चालेल याचं कुलूप. सगळ्यात जास्त पैसे इथे पाण्यात जातात. डीव्हीडीला भारताचा रीजन ५, अमेरिकेचा १, ब्रिटन आणि जपानचा २. ब्लू-रेला आकड्यांऐवजी अक्षरं: अमेरिका आणि जपान ए, युरोप-ऑस्ट्रेलिया बी, भारत सी. फोर-के डिस्कला मात्र रीजनची भानगडच नाही. जगात कुठलीही घ्या, कुठेही लावा. एवढं वाचून लोक निर्धास्त होतात आणि तिथेच अडकतात, कारण फोर-केच्या खोक्यात बऱ्याचदा सोबत साधी ब्लू-रे असते आणि मुलाखती, मेकिंग, कापलेले प्रसंग त्या ब्लू-रेवर असतात. निवडक सिनेमांच्या डिस्क काढणाऱ्या अमेरिकेच्या क्रायटेरियन कंपनीचं उदाहरण घ्या. त्यांची फोर-के डिस्क पुण्यात बिनबोभाट चालते, पण जोडीची ब्लू-रे रीजन ए ला बांधलेली असते. सिनेमा दिसतो, पण ज्या जादा ऐवजासाठी पैसे मोजले तो खोक्यातच राहतो. सगळे असं करत नाहीत, मोठ्या स्टुडिओंच्या पुष्कळ ब्लू-रे रीजनमुक्त असतात. म्हणून मागवण्याआधी त्या विशिष्ट आवृत्तीचा रीजन शोधावा, नुसत्या सिनेमाच्या नावावर जाऊ नये.

अमेरिकेतल्या मंडळींचा त्रास याच्या उलट. ब्रिटनहून मागवलेली ब्लू-रे रीजनमुक्त असूनही तिच्यावरचे जुने माहितीपट ५० हर्ट्झमध्ये असतात, ते तिथले बरेच प्लेअर दाखवत नाहीत. आपल्याकडचे प्लेअर ५० हर्ट्झ आणि अमेरिकेतलं ६० हर्ट्झ दोन्ही पचवतात.

रीजन ए चा प्लेअरच अमेरिकेहून आणणं हा उपाय वाईट नाही. फक्त मागच्या पट्टीवर व्होल्टेज बघा. नुसतं ११० ते १२० लिहिलं असेल आणि तुम्ही तो थेट आपल्या २३० च्या सॉकेटमध्ये खोचलात, तर प्लेअर गेलाच. व्होल्टेज उतरवणारा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. आणि जुन्या संगणकाच्या डीव्हीडी ड्राइव्हचा रीजन बदलणार असाल तर मोजून बदला, पाच वेळांनंतर तो कायमचा कुलूपबंद होतो.

डिस्क लागली, पण चित्र काळवंडलेलं किंवा धुरकट आहे? तक्रार करण्याआधी टीव्हीच्या सेटिंगमध्ये जा. अनेक टीव्हींचे एचडीएमआय पोर्ट कारखान्यातून येताना साध्या अवस्थेत असतात, पूर्ण सिग्नल घेतच नाहीत. सॅमसंगवर 'इनपुट सिग्नल प्लस', एलजीवर 'एचडीएमआय अल्ट्रा एचडी डीप कलर', सोनीवर 'एचडीएमआय सिग्नल फॉरमॅट' नावाखाली तो पर्याय सापडेल. ज्या पोर्टला प्लेअर जोडलाय त्याच पोर्टसाठी तो चालू करायचा. मध्ये जुना अॅम्प्लिफायर असेल तर तो एचडीसीपी २.२ (नक्कल रोखणारं कुलूप) चालवणारा हवा, नाहीतर पडदा काळा पडू शकतो. केबल १८ गिगाबिटची हवी, सोन्याचा मुलामा वगैरे दुकानदाराच्या गप्पा आहेत. एवढं करूनही स्वस्त टीव्हीवर रात्रीचे प्रसंग दिसेनात, तर दोष टीव्हीच्या उजेडाचा आहे. तेव्हा प्लेअरचं एचडीआर बंद करून बघा. चित्र कमी झगमगीत होईल, पण दिसेल तरी.

आवाजाची एक खोच फार थोड्यांना माहीत असते. खोक्यावर डॉल्बी अॅटमॉस (चहूबाजूंनी आणि वरूनही येणारा आवाज) छापलंय, साउंडबारवर मात्र तो दिवा लागत नाही. प्लेअरमध्ये 'सेकंडरी ऑडिओ' किंवा 'बीडी ऑडिओ मिक्स' बंद करा आणि आउटपुट 'बिटस्ट्रीम'वर ठेवा, म्हणजे आवाज न उलगडता तसाच साउंडबारकडे जातो. संपला विषय.

सिनेमा बरोबर मध्यावर अडकतो, ही तक्रार नेहमीची. दोन थरांच्या डिस्कवर पहिला थर आतून बाहेर आणि दुसरा बाहेरून आत वाचला जातो. डिस्क भरलेली असेल तर सिनेमाचा मध्य येतो काठावर, आणि आपण डिस्क धरतो तीही काठालाच. मऊ मायक्रोफायबर कापडाने मधल्या भोकापासून काठाकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. टूथपेस्ट घासण्याचा जुना तोडगा ब्लू-रेवर चुकूनही करू नका. डीव्हीडीची माहिती प्लास्टिकच्या जाडीत खोल, ०.६ मिलिमीटरवर असते. ब्लू-रेची वरून अवघ्या ०.१ मिलिमीटरवर. मेन्यूच उघडत नसेल, नुसतं चक्र फिरत राहत असेल, तर प्लेअरचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) अद्ययावत करा, मग इंटरनेटची केबल काढा, इंटरनेटवरून जादा मजकूर आणणारं 'बीडी-लाइव्ह' बंद करा. नव्या सिनेमांवर हा प्रकार जास्त.

मालिकांच्या संचाचं थोडं वेगळं. जुन्या मालिका चौकोनी चौकटीत चित्रित झालेल्या, त्यामुळे दोन्ही बाजूंना काळे पट्टे असणारच. ते घालवायला टीव्हीचं 'झूम' वापरलं की डोकी कापली जातात. गाण्यांचंही बघा. 'डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी' ही अमेरिकन मालिका एका रेडिओ स्टेशनवरची. २००७ मध्ये तिच्या पहिल्या सीझनच्या डीव्हीडीत परवानग्यांच्या खर्चामुळे कितीतरी मूळ गाणी बदलली होती, आणि रेडिओवरच्या मालिकेतून गाणी काढल्यावर उरतं काय? २०१४ च्या संपूर्ण संचात बहुतेक गाणी परत आली. ज्यांनी आधी घाई केली त्यांना दोनदा पैसे मोजावे लागले.

'डिजिटल कोड आत आहे' या ओळीसाठी चार पैसे जास्त देऊ नका. अमेरिकन खोक्यातले कोड अमेरिकेतच वटतात, तेही मुदतीत.

आणि मोठा संच घेतलात तर शेवटच्या डिस्कपर्यंत पोचायला महिने लागतात, परतीची मुदत तोवर उलटून गेलेली असते. खोका आला त्याच आठवड्यात प्रत्येक डिस्क आत घाला, प्रत्येक भागाच्या मध्यावर आणि शेवटी उडी मारून दोन-दोन मिनिटं चालवून बघा. बिल आणि पॅकिंग तोवर फेकू नका.