कॅनडावर रिसर्च करायचाय पण कॅनडाबाहेर राहून? देशोदेशीच्या कॅनडा-अभ्यासाच्या असोसिएशन्स कशा वापरायच्या ते सांगतो

माझा पीएचडीचा विषय कॅनडा आहे असं घरी सांगितलं तेव्हा मावशीचा पहिला प्रश्न होता, "अरे वा, मग पीआर कधी?" तिची चूक नाही, आपल्याकडे कॅनडा म्हटलं की आयेल्ट्स, एक्स्प्रेस एन्ट्री आणि ब्रॅम्प्टनमधलं बेसमेंट एवढंच डोळ्यासमोर येतं. पण जगभर अशी बरीच माणसं आहेत ज्यांना तिकडे सेटल व्हायचं नाहीये आणि तरी ती क्यूबेक या फ्रेंच बोलणाऱ्या प्रांताचा भाषावाद, तिथल्या मूळ रहिवाशांचे जमिनीचे करार, तिथल्या कादंबऱ्या यावर वर्षानुवर्षं काम करतात. त्यांच्या देशोदेशी असोसिएशन्स आहेत आणि एमए, पीएचडीवाल्यांना किंवा कॉलेजात शिकवणाऱ्यांना त्यांचा खूप उपयोग होतो, फक्त दार कुठलं ठोठवायचं ते कोणी नीट सांगत नाही. मला कळायला दोन वर्षं गेली, म्हणून हे लिहितोय.

आधी पैशांचं क्लिअर करतो. सीनिअर सर लोक सांगतात की आमच्या वेळी कॅनडा सरकार तिकीट द्यायचं, राहायचं द्यायचं, महिनाभर टोरंटोत बसून वाचायचो. खरंय ते. 1975 मध्ये ट्रेंट युनिव्हर्सिटीच्या टी. एच. बी. सायमन्स यांचा एक मोठा रिपोर्ट आला, त्यात म्हटलं होतं की कॅनडाच्या युनिव्हर्सिटीज स्वतःच्याच देशाबद्दल फार कमी शिकवतात. त्याच सुमारास सरकारने परदेशातही कॅनडाचा अभ्यास व्हावा म्हणून पैसा घालायला सुरुवात केली, परदेशातल्या प्राध्यापकाला काही आठवडे बोलवायचं आणि त्याने परत जाऊन आपल्या कॉलेजात कोर्स सुरू करायचा, अशी साधी आयडिया. ते पस्तीसेक वर्षं चाललं, आणि मे 2012 मध्ये तेव्हाचे पंतप्रधान हार्पर यांच्या सरकारने 'अंडरस्टँडिंग कॅनडा' हा प्रोग्रॅम बंदच केला. वर्षाला साधारण 50 लाख डॉलर, म्हणजे सरकारच्या हिशोबात चिल्लर, पण त्या चिल्लरवर बऱ्याच देशांतली ऑफिसं आणि कॉन्फरन्स चालत होत्या. त्यामुळे 2012 च्या आधीचा कुठलाही सल्ला, जुनी पीडीएफ, जुना फॉर्म दिसला की बाजूला ठेवा. आता या असोसिएशन्सकडून मिळतात ती मुख्यतः माणसं. तुमचा विषय कळणारी, तुमचा ड्राफ्ट वाचू शकणारी, रेफरन्स लेटर देऊ शकणारी. हे डोक्यात बसलं की पुढचं सोपं जातं.

आता दारं कुठली. सगळ्यात वर एक छत्री संस्था आहे, इंटरनॅशनल कौन्सिल फॉर कॅनेडियन स्टडीज, 1981 ची. मी आधी तिथेच मेंबरशिपचा फॉर्म शोधत बसलो होतो. मिळणार कसा, तिचे मेंबर म्हणजे देशोदेशीच्या असोसिएशन्स, माणसं नाहीत. आपण आपल्या देशाच्या किंवा जिथे शिकतोय तिथल्या असोसिएशनचं मेंबर व्हायचं. या कौन्सिलने एक मजा करून ठेवलीय पण, तिच्या पिएर सावार अवॉर्डमध्ये इंग्लिश-फ्रेंच पुस्तकांची एक कॅटेगरी आणि बाकी कुठल्याही भाषेतल्या पुस्तकांची दुसरी. म्हणजे मराठीत कोणी कॅनडावर अभ्यासपूर्ण पुस्तक लिहिलं तर ते कुठे बसतं ते ठरलेलं आहे, लिहायचंच काय ते बाकी आहे.

भारतात असाल तर दोन नावं. एक, इंडियन असोसिएशन फॉर कॅनेडियन स्टडीज, ही आपल्याकडच्या प्राध्यापकांची संघटना, इंग्लिश डिपार्टमेंटवाले आणि पोलिटिकल सायन्सवाले दोन्ही भेटतात. दुसरी शास्त्री इंडो-कॅनेडियन इन्स्टिट्यूट, लालबहादूर शास्त्रींच्या नावाने 1968 मध्ये सुरू झालेली, ऑफिस दिल्लीत आणि कॅलगरीत. हिला असोसिएशन म्हणता येणार नाही, ही दोन्ही देशांतल्या युनिव्हर्सिटीजची मिळून संस्था आहे, आणि फेलोशिप वगैरे जे काही अजून शिल्लक आहे ते भारतातल्या माणसाला जास्त करून इथूनच मिळतं. इथे एक गोची आहे ती आधीच बघा, बहुतेक स्कीम्सना तुमची युनिव्हर्सिटी शास्त्रीची मेंबर असावी लागते. वेबसाइटवर मेंबर्सची यादी असते. माझ्या एका मित्राने फॉर्म भरला, सिनॉप्सिस जोडला, गाइडची सही, एचओडीची सही, शिक्का, सगळं झालं आणि मग कळलं की त्याचं कॉलेज ज्या युनिव्हर्सिटीशी संलग्न आहे ती यादीतच नाही. पंधरा दिवस पाण्यात. पाच मिनिटांचं काम आहे, आधी यादी उघडा मग पेन.

शिवाय बडोद्याच्या एमएस युनिव्हर्सिटीत आणि कोलकात्याच्या जादवपूरला कॅनेडियन स्टडीजची सेंटर्स आहेत, जेएनयूत तर अमेरिका आणि लॅटिन अमेरिकेबरोबर कॅनडालाही धरून एक सेंटर आहे. मुंबई-पुण्याच्या माणसाला बडोदं म्हणजे रात्रीत गाडीने पोचण्यासारखं. आधी मेल टाका, लायब्ररीत बाहेरच्यांना बसू देतात का विचारा, आणि मग जा.

बाहेर शिकत असाल तर तिथलं दार वेगळं. अमेरिकेत असोसिएशन फॉर कॅनेडियन स्टडीज इन द युनायटेड स्टेट्स, 1971 ची, लोक तिला अ‍ॅक्सस म्हणतात. त्यांची मोठी कॉन्फरन्स दोन वर्षांतून एकदा होते, म्हणजे एक चुकली की दोन वर्षं गेली, कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा. त्यांचं जर्नल अमेरिकन रिव्ह्यू ऑफ कॅनेडियन स्टडीज, त्यात व्यापार, बॉर्डर, एनर्जी असल्या विषयांचं वजन जास्त जाणवतं, शेजारी आहेत, साहजिक आहे. ब्रिटनमध्ये ब्रिटिश असोसिएशन फॉर कॅनेडियन स्टडीज, 1975 ची, त्यांचंही स्वतःचं जर्नल आहे. फ्रान्सची असोसिएशन 1976 ची, तिच्या जर्नलमधले पेपर ओपन एडिशन या वेबसाइटवर फुकट वाचता येतात आणि त्यात इंग्लिश पेपरही असतात, त्यामुळे नाव फ्रेंच बघून घाबरू नका. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची मिळून एक आहे, नॉर्डिक देशांची मिळून एक आहे, जपानची आहे.

माझी आवडती मात्र जर्मनवाल्यांची. गेझेलशाफ्ट फ्युर कानाडा-श्टुडिएन, 1980 ची, जर्मनी, ऑस्ट्रिया आणि जर्मन बोलणाऱ्या स्वित्झर्लंडची. यांची वार्षिक कॉन्फरन्स फेब्रुवारीत ग्राइनाउ नावाच्या गावात, बव्हेरियात, त्सुगश्पिट्सं या जर्मनीतल्या सगळ्यात उंच डोंगराच्या पायथ्याशी. गाव एवढंसं, सगळे तिथेच राहतात, त्यामुळे ज्याचं पुस्तक तुम्ही रेफरन्समध्ये टाकलंय तो सकाळी नाश्त्याला शेजारच्या टेबलवर असण्याचा चान्स बराच. आणि यांच्या विषयवार सेक्शन्स आहेत, इंग्लिश कॅनडाचं साहित्य वेगळं, फ्रेंच वेगळं, इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र वेगळं, आणि तरुण रिसर्चर्सचा स्वतंत्र फोरम. नवख्या माणसाने कधीही मोठ्या हॉलच्या मागे लागू नये, सेक्शन किंवा तरुणांचा फोरम बघावा, तिथे पंधरा माणसं असतात पण पंधराही तुमचं ऐकतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, अ‍ॅबस्ट्रॅक्ट, म्हणजे पेपरचा गोषवारा. कॉल फॉर पेपर्स आला की साधारण अडीचशे-तीनशे शब्द मागतात आणि आपली माणसं तिथेच मार खातात. माझं पहिलं अ‍ॅबस्ट्रॅक्ट असं सुरू होत होतं: "भारत आणि कॅनडा ही दोन मोठी संघराज्ये असून प्रस्तुत पेपरमध्ये दोन्ही देशांतील भाषाधोरणाचा तुलनात्मक अभ्यास करण्यात येणार आहे." रिजेक्ट. बरोबर झालं. यात मी काय बघणार आणि कुठे बघणार यातलं काहीच नाही, हे वाक्य युजीसीच्या कुठल्याही सेमिनारला चालेल आणि कुठेच चालणार नाही.

मग एका मॅडमनी विचारलं की तुला नेमकं काय खटकतं ते एका ओळीत सांग, मी म्हटलं, दुकानाच्या पाट्या. त्या म्हणाल्या मग तेच लिही ना. दुसरं अ‍ॅबस्ट्रॅक्ट पाट्यांवरून सुरू झालं. क्यूबेकमध्ये 1977 चा भाषा कायदा आला आणि दुकानाची पाटी फक्त फ्रेंचमध्ये लावायची असं ठरलं, 1988 मध्ये कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की पाटी म्हणजेसुद्धा अभिव्यक्ती आहे, फ्रेंच पाहिजेच म्हणा पण बाकी भाषांवर बंदी नको. क्यूबेक सरकारने काय केलं, राज्यघटनेतल्या मूलभूत हक्कांच्या चार्टरमधलं कलम 33 वापरलं, ज्याने पाच वर्षांपर्यंत कोर्टाचा असा निकाल बाजूला ठेवता येतो, आणि बाहेरच्या पाट्या फ्रेंचच ठेवल्या. 1993 मध्ये मग नरमले, बाकी भाषा चालतील पण फ्रेंच ठळक पाहिजे. आणि 1 जून 2025 पासून दुकानाचं नाव किंवा ट्रेडमार्क दुसऱ्या भाषेत असला तरी बाहेरून दिसणाऱ्या पाटीवर फ्रेंचला त्याच्या दुप्पट जागा. इकडे महाराष्ट्रात 2022 च्या दुरुस्तीत मराठी अक्षरं बाकी लिपीपेक्षा लहान नकोत असं आलं, मुंबईचे व्यापारी सुप्रीम कोर्टात गेले आणि सप्टेंबर 2023 मध्ये कोर्टाने त्यांना दोन महिन्यांत पाट्या लावायला सांगितलं. दोन्हीकडे फुटपट्टी घेऊन अक्षरं मोजायची वेळ आली, पण कोर्टं वेगळ्या दिशेला का गेली, एवढा एकच प्रश्न मी विचारला. सिलेक्ट झालं. तोच मी, तेच इंग्लिश, विषय फक्त दादरच्या फुटपाथवर आणून ठेवला.



साहित्यवाल्यांना एक विनंती, कॅनडाची गाजलेली लेखिका मार्गारेट अ‍ॅटवुड सोडा थोडे दिवस. तिच्यावर पेपर लिहिणाऱ्यांची रांग फार मोठी आहे. आपल्याकडे बसून जे दिसतं ते तिकडच्या माणसाला दिसत नाही, उदाहरणार्थ रोहिंटन मिस्त्री मुंबईत वाढलेले, 1975 मध्ये कॅनडात गेले, आणि 2010 मध्ये त्यांची कादंबरी मुंबई युनिव्हर्सिटीच्या सिलॅबसमधून काढली गेली. हा कॅनडाच्या लेखकाचा विषय की मुंबईच्या राजकारणाचा? दोन्ही, आणि ते दोन्ही एका पेपरात आणायला तुम्हीच योग्य माणूस.

मेल करताना छोटं लिहा. "रिस्पेक्टेड सर, आय अ‍ॅम व्हेरी मच इंटरेस्टेड इन युअर एस्टीम्ड" वगैरे नको, पहिल्या ओळीत तुमचा प्रश्न, दुसऱ्या ओळीत त्यांचं नेमकं काय वाचलं, तिसऱ्या ओळीत काय हवंय. सीव्ही मागितल्याशिवाय जोडू नका. उत्तर नाही आलं तर दोन-तीन आठवड्यांनी एकदा आठवण, मग सोडून द्या. स्टुडंट मेंबरशिप वेगळी आणि स्वस्त असते, पण फी भरायच्या आधी बघा की तिच्यात जर्नलचा अ‍ॅक्सेस येतो का, कारण आपल्या लायब्ररीत ते जर्नल नसेल तर त्या एका गोष्टीसाठीच मेंबरशिप वसूल होते.

फसवाफसवीही आहे. मी एकदा "इंटरनॅशनल" आणि "कॅनेडियन" दोन्ही शब्द नावात असलेल्या कॉन्फरन्सला पैसे भरले, अ‍ॅबस्ट्रॅक्ट चोवीस तासात अ‍ॅक्सेप्ट झालं तेव्हाच कळायला हवं होतं, त्याच दिवशी त्याच हॉलमध्ये नर्सिंग आणि सिव्हिल इंजिनिअरिंगही होतं. खरी असोसिएशन ओळखायची सोपी खूण म्हणजे कार्यकारिणीतल्या माणसांची नावं त्यांच्या युनिव्हर्सिटीच्या पेजवर जाऊन तपासा, आणि असोसिएशनच्या जर्नलचे जुने अंक खरोखर वाचता येतात का बघा.

प्रवास न करता बरंच होतं हेही लक्षात ठेवा. डिक्शनरी ऑफ कॅनेडियन बायोग्राफी फुकट आहे, कॅनेडियन एन्सायक्लोपीडिया फुकट, कॅनेडियाना नावाचा जुन्या छापील पुस्तकांचा-कागदपत्रांचा डिजिटल साठा 2019 पासून सगळ्यांना खुला, फ्रेंच जर्नल्ससाठी एरुदी नावाची साइट. संसदेतली भाषणं ऑनलाइन आहेत. कोमागाटा मारूवर काम करायचं असेल तर 1914 मध्ये भारतीय प्रवाशांचं हे जहाज कॅनडाने परत पाठवल्यापासून ते 2016 मध्ये पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली तिथपर्यंतचं खूप काही घरी बसून वाचता येतं.

फ्रेंचचं राहिलं. क्यूबेकवर काम करणार असाल तर वाचण्यापुरती फ्रेंच लागतेच, अनुवादावर किती दिवस काढणार. पुण्या-मुंबईत आलियान्स फ्रान्सेज आहे, सुरुवातीच्या एकदोन लेव्हल झाल्या की सरकारी फ्रेंच डिक्शनरी घेऊन ओढता येते, कारण कायद्याची भाषा तीच तीच असते. तेवढी झाली की मग क्यूबेक सिटीतली 1997 ची क्यूबेक अभ्यासाची आंतरराष्ट्रीय असोसिएशन बघा, तिला लोक आयेक म्हणतात. आणि व्हिसा, कॅनडाला असो की जर्मनीला, अ‍ॅक्सेप्टन्सचं पत्र हातात पडलं त्याच दिवशी अपॉइंटमेंट शोधायला बसा, पेपर नंतर लिहिता येतो.