पिंक फ्लॉइड ऐकायला सुरुवात कुठून करावी?

'काका, पिंक फ्लॉइड ऐकायचंय, एखादं गाणं सांगा ना,' असं पुतण्याने विचारलं आणि माझी पंचाईत झाली. गाणं कसलं सांगणार? या मंडळींच्या गाण्यांना धड सुरुवात नसते की शेवट नसतो. एक गाणं दुसऱ्यात विरघळतं, मधेच घड्याळं वाजतात, कुणीतरी हसतं, कुत्रा भुंकतो. मी म्हटलं, गाणं नको, अल्बम लाव. पूर्ण. 'म्हणजे पाऊण तास?' हो, पाऊण तास. बडा ख्याल ऐकायला बसल्यावर पाचव्या मिनिटाला आपण 'गाणं कधी सुरू होणार' म्हणून विचारत नाही, तसंच हे.

लंडनमध्ये १९६५ च्या सुमारास जमलेल्या या बँडचे १९६७ ते २०१४ या काळात पंधरा स्टुडिओ अल्बम आले. ते काळाच्या क्रमाने ऐकायला घेतलेत तर तिसऱ्या-चौथ्यापाशीच कंटाळून सोडून द्याल. मी दोन मित्र असे गमावलेत. म्हणून खाली देतोय तो क्रम माझा आहे. जवळपास पंचवीस वर्षं लोकांना हा बँड गळी उतरवताना तो हळूहळू बसत गेला.

आधी फोन नीट करा

शफल बंद. ॲपच्या सेटिंगमध्ये क्रॉसफेड (एक गाणं विरताना दुसरं त्यावर चढवणारा पर्याय) असेल तर तो शून्यावर आणा, आणि दोन ट्रॅकमध्ये मोकळी जागा न सोडण्याचा पर्याय असेल तर तो चालू करा. नाहीतर जिथे दोन गाणी जोडलेली आहेत तिथे अर्ध्या सेकंदाचा खड्डा पडतो आणि सगळी मजा जाते. फुकटच्या ॲपवर नेमकी शांत जागा गाठून जाहिरात वाजते. त्यापेक्षा कुणाची तरी जुनी सीडी मागून आणा.

शोधलंत की एकाच अल्बमच्या दहा आवृत्त्या समोर येतात. गोंधळू नका, ट्रॅक मोजा. 'विश यू वेअर हिअर'चे पाच आणि 'द डार्क साइड ऑफ द मून'चे दहा. त्यापुढचं सगळं वर्धापनदिनाच्या निमित्ताने जोडलेलं शेपूट आहे, ते नंतर कधीतरी.

हे एवढं बजावतोय कारण मी स्वतः पोळलोय. होस्टेलवर मला 'डार्क साइड' मिळाला तो कुणीतरी साठ मिनिटांच्या कॅसेटवर उतरवलेला. एका बाजूला तीस मिनिटं. त्यामुळे 'अस अँड देम' ऐन रंगात आलं की खट्ट आवाज व्हायचा, कॅसेट उलटायची आणि गाणं भलत्याच ठिकाणाहून पुढे सुरू व्हायचं. गाणं तसंच आहे अशी माझी तीन वर्षं समजूत होती. पुढे सीडीवर ते सलग ऐकलं तेव्हा मलाच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं.

पहिला अल्बम: 'विश यू वेअर हिअर' (१९७५)

रात्री जेवण झाल्यावर, हेडफोन लावून. पहिल्या वेळी गाण्याचे शब्द समोर ठेवू नका, शब्द दुसऱ्या खेपेला.

सुरुवातीला ऑर्गनसारखा एक लांब सूर पसरलेला असतो, त्यावर गिटार जपून बोलत असते. चौथ्या मिनिटाच्या आसपास सगळं थांबतं आणि चार स्वर येतात. फक्त चार. गिटार तेच चार स्वर परत म्हणते, मग ड्रम उतरतात. गायकाचा आवाज यायला साडेआठ मिनिटं उलटतात. हे 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड', आणि हे ज्याच्याविषयी आहे तो माणूस अल्बमवर कुठेच नाही.

तो सिड बॅरेट. बँडचा पहिला गायक, गिटारवादक आणि सुरुवातीची बहुतेक गाणी लिहिणारा. एलएसडी हा अमली पदार्थ आणि ढासळतं मन यांच्या कचाट्यात तो असा सापडला की मंचावर उभं राहणंही त्याला जमेना. १९६८ च्या जानेवारीत एका कार्यक्रमाला निघताना बाकीच्यांनी त्याला घ्यायला जायचंच नाही असं ठरवलं. भांडण नाही, निरोप नाही. गाडी त्याच्या घराकडे वळली नाही, इतकंच. पुढे सात वर्षांनी, ५ जून १९७५ ला, याच अल्बमचं काम चालू असताना ॲबी रोड स्टुडिओत एक जाडजूड, टक्कल केलेला, भुवयासुद्धा काढलेला माणूस येऊन बसला. कुणीच ओळखलं नाही. तो सिड आहे हे कळल्यावर बँडचा बेसवादक रॉजर वॉटर्सला रडू आवरलं नाही.

हे माहीत असलं की अल्बमचं नाव वेगळं ऐकू येतं. 'हॅव अ सिगार' संपताना आवाज एकदम आक्रसतो आणि कुणीतरी रेडिओचं बटण फिरवत असल्यासारखे तुकडे येतात. त्यात चायकॉव्स्कीच्या चौथ्या सिंफनीचाही एक तुकडा आहे. मग ट्रान्झिस्टरमधून यावी तशी बारीक गिटार. मग कुणीतरी खोकतं, नाक ओढतं, आणि त्या रेडिओसोबत खोलीत बसून वाजवावी तशी दुसरी, भरदार गिटार सुरू होते. शीर्षकगीताची ही सुरुवात नीट कान देऊन ऐका. नुसत्या आवाजाच्या पोतातून 'तू तिथे, मी इथे' हे अंतर दाखवलंय.

जाता जाता: 'हॅव अ सिगार' गाणारा बँडमधला नाहीच. शेजारच्या स्टुडिओत काम करणाऱ्या रॉय हार्पर या गायकाला गायला बोलावलं होतं.

हा अल्बम दोन-तीनदा होऊ द्या. शेवटच्या ट्रॅकचा शेवट कसा विरत जातो ते लक्षात ठेवा, त्याचं काम पुढे आहे.

दुसरा: 'द डार्क साइड ऑफ द मून' (१९७३)

टीशर्टवरचा त्रिकोण तो हाच. मुखपृष्ठावर इंद्रधनुष्याचे सात नाही, सहाच रंग आहेत, मोजून बघा. अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत हा अल्बम १९७३ ते १९८८ या काळात ७४१ आठवडे होता. एवढ्या खपाची गोष्ट बहुधा सपक असते. ही नाही.

हृदयाच्या ठोक्यांनी सुरू होतो, ठोक्यांनीच संपतो. मधे वेळ, पैसा, मरण, वेड. चौथ्या ट्रॅकला, म्हणजे 'टाइम'ला, आवाज आधीच कमी करून ठेवा. शांततेतून एकदम डझनभर घड्याळं ठणाणा करतात. ध्वनिमुद्रक ॲलन पार्सन्सने ती जुन्या घड्याळांच्या दुकानात जाऊन एकेक करून टिपली होती. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हातातला चहा गादीवर सांडला.

'मनी'त नाण्यांचा, गल्ल्याचा आणि कागद फाटल्याचा आवाज मिळून ताल होतो. या तालावर मान डोलवायला जाल तर चुकाल, कारण तो सात मात्रांचा आहे. रूपक ज्यांच्या हातात बसलाय त्यांना हे चटकन कळेल. सॅक्सोफोनही सातातच वाजतो आणि गिटारची पाळी आली की गाडी सरळ चारावर येते. ती बदलायची जागा पकडता आली की पुढच्या वेळी तिचीच वाट बघत बसाल.

'द ग्रेट गिग इन द स्काय'मध्ये गाण्याला शब्दच नाहीत, आहे तो फक्त एका बाईचा आवाज. क्लेअर टॉरी हे तिचं नाव. तिला स्टुडिओत बोलावून सांगितलं की शब्द नाहीत, जे सुचेल ते गा. तिने काही फेऱ्या गायल्या, ३० पौंड घेतले आणि घरी गेली. पुढे २००४ मध्ये ती कोर्टात गेली, आणि तडजोड झाल्यापासून रचनाकार म्हणून बँडचा कीबोर्डवादक रिचर्ड राइटच्या नावाशेजारी तिचंही नाव येतं. उशीर झाला, पण आलं. आपल्याकडच्या किती साथीदारांच्या वाट्याला एवढं तरी येतं?

मधेमधे जी माणसं बोलताना ऐकू येतात ती स्टुडिओत वावरणारी साधी माणसं. वॉटर्सने कार्डांवर प्रश्न लिहिले होते: शेवटचं भांडण कधी केलंत, चूक तुमची होती का, मरणाची भीती वाटते का. ज्याला त्याला बसवून उत्तरं टिपली. पॉल मॅकार्टनीचीही घेतली, पण तो फार जपून बोलला म्हणून वापरली नाहीत. अगदी शेवटी, ठोक्यांच्या आत, चंद्राबद्दल जो बोलतो तो स्टुडिओचा दरवान, जेरी ओ'ड्रिस्कॉल. या अख्ख्या अल्बमचं शेवटचं वाक्य दरवानाच्या तोंडी आहे, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

तिसरा: 'मेडल' (१९७१), पण उलट्या बाजूने

आधी शेवटचं 'एकोज' लावा. साडेतेवीस मिनिटं. सुरुवातीला पाण्याचा थेंब पडावा तसा 'टिंग' येतो. तो राइटच्या पियानोचा एकच सूर, फिरत्या स्पीकरमधून काढलेला. मध्यात सगळं कोसळतं आणि पक्ष्यांच्या की देवमाशांच्या किंकाळ्या ऐकू येतात. तीही गिटारच आहे: पायाखालच्या पेडलच्या तारा उलट्या जोडल्या गेल्या आणि हा आवाज निघाला. तो भाग न आवडला तरी उठू नका, बाहेर पडण्याची वाट तिथूनच आहे.

मग पुढच्या बाजूचं 'वन ऑफ दीज डेज'. 'सीमस'मध्ये कुत्रा गातो, ते सोडलंत तरी चालेल. हातासरशी 'लाइव्ह ॲट पॉम्पेई' हा चित्रपट बघून घ्या. प्राचीन रोमन रंगमंडळ, रणरणतं ऊन आणि समोर एकही प्रेक्षक नाही.

चौथी पायरी: 'ॲनिमल्स' (१९७७) आणि 'द वॉल' (१९७९)

इथून वॉटर्सचा संताप सुरू होतो. 'ॲनिमल्स'मध्ये कुत्री, डुकरं आणि मेंढ्या अशी समाजाची विभागणी आहे. मुखपृष्ठासाठी लंडनच्या बॅटरसी वीजकेंद्रावर हवा भरलेलं प्रचंड डुक्कर बांधलं होतं. ३ डिसेंबर १९७६ ला ते दोर तोडून उडालं आणि थेट केंटमधल्या शेतात उतरलं. सतरा मिनिटांचं 'डॉग्ज' हे माझ्या मते सिडच्या जागी आलेला गिटारवादक डेव्हिड गिल्मरचं सर्वोत्तम काम आहे. यावर वाद घालायला मी कधीही तयार आहे.

'द वॉल' मात्र एका बैठकीत संपवू नका. सव्वीस ट्रॅक, सुमारे ८१ मिनिटं. तेरा आज, तेरा उद्या. जुलै १९७७ मध्ये माँट्रियलच्या कार्यक्रमात वॉटर्स पुढच्या रांगेतल्या एका चाहत्यावर थुंकला. आपण लोकांपासून इतके तुटलो कसे, या विचारातून ही भिंत उभी राहिली. 'अनदर ब्रिक इन द वॉल' हे शाळेवरचं गाणं आपल्याकडे प्रत्येक होस्टेलवर परीक्षेच्या आदल्या रात्री बोंबलून म्हटलं जातं (त्यातली मुलं लंडनच्या इझलिंग्टन ग्रीन शाळेची), पण ते तीन भागांच्या गाण्याचा फक्त दुसरा भाग आहे. जागेवर ऐकलं की ते बंडाचं कमी आणि भिंतीतल्या एका विटेचं जास्त वाटतं. 'कम्फर्टेबली नम्ब'मध्ये गिटारचे दोन स्वतंत्र तुकडे आहेत. सगळे दुसऱ्यावर जीव टाकतात. पहिला छोटा आहे, तोही ऐका.

अल्बम संपताना अर्धंच वाक्य ऐकू येतं. उरलेलं अर्धं पहिल्या ट्रॅकच्या सुरुवातीला आहे. म्हणजे भिंत पडली तरी गोल पूर्ण होऊन पुन्हा पहिल्या विटेशी.

याच कामाच्या दरम्यान राइटला बँडमधून काढलं आणि कार्यक्रमांपुरतं पगारावर ठेवलं. ते कार्यक्रम इतके महागडे ठरले की उरलेल्या तिघांचं नुकसान झालं आणि हातात पैसे पडले ते एकट्या पगारी राइटच्या.

घाईत ऐकायचे

'ॲटम हार्ट मदर' (१९७०) गाईच्या फोटोसाठी हातात घ्या आणि एकदा ऐका. 'अमागमा'चा कार्यक्रमात मुद्रित केलेला अर्धा भाग चांगला, स्टुडिओतला अर्धा धीराची परीक्षा बघणारा. 'द फायनल कट' (१९८३) म्हणजे दुसऱ्या महायुद्धात इटलीत मारल्या गेलेल्या वडिलांशी वॉटर्सचं बोलणं. बँडमधले बाकीचे त्यावर जेमतेम आहेत. १९८५ मध्ये वॉटर्स बँडमधून बाहेर पडला. त्यानंतरच्या तीनपैकी 'द डिव्हिजन बेल' (१९९४) ठेवा, निदान शेवटच्या 'हाय होप्स'साठी.

आता मागे, १९६७ ला

हे मुद्दाम शेवटी ठेवलं. 'द पायपर ॲट द गेट्स ऑफ डॉन' हा सिडचा अल्बम. बीटल्स शेजारच्या स्टुडिओत 'सार्जंट पेपर' करत होते तेव्हा हा तयार होत होता. बुजगावणं, बुटका, सायकल, अंतराळ. लहान मुलाने मोठ्यांचे कपडे घालून मिरवावं तशी गाणी. थेट इथून सुरुवात केली असतीत तर 'हे काय चाललंय' म्हणून बंद केलं असतंत. आता मात्र तुम्हाला ठाऊक आहे की पुढची कित्येक वर्षं बाकीचे याचीच आठवण काढणार आहेत. दुसरा अल्बम, 'अ सॉसरफुल ऑफ सीक्रेट्स', सिड आणि गिल्मर धरून पाचही जण ज्यावर आहेत असा एकमेव. त्यातलं शेवटचं 'जगबँड ब्लूज' सिडचं. ते ऐकल्यावर लगेच दुसरं काही लावू नका.

मग 'सी एमिली प्ले' शोधा. १९६७ चं सुटं गाणं, जेमतेम तीन मिनिटांचं. त्याची चाल ओठांवर येईपर्यंत चार-पाचदा ऐका. ती बसली की 'विश यू वेअर हिअर'चा शेवटचा ट्रॅक काढा आणि अगदी शेवटाकडे न्या, जिथे सगळं विरत जातं. आवाज वाढवा. राइटची बोटं कीबोर्डवर हळूच काय वाजवतायत ते ओळखा.